फडावरची नऊवारी



चैत्र-वैशाखाचे दिवस आले की आपल्या संगमनेर भागात दोन प्रकारचे मांडव पडतात. एक मांडव हा असा, व्याख्यानमालेचा. दुसरा गावोगावच्या जत्रांतील तमाशाच्या फडाचा. पहिल्या मांडवात आपण सहकुटुंब येतो, पुढच्या खुर्च्या धरतो आणि घरी जाताना शेजाऱ्यालाही सांगतो की उद्या तुम्ही अवश्य या. दुसऱ्या मांडवात जाणारा मनुष्य बहुधा घरी न सांगता जातो, मागच्या अंगाला बसतो, आणि दुसऱ्या दिवशी कोणी विचारलेच तर ‘जरा डोकावलो होतो’ म्हणून वेळ मारून नेतो. आज या पहिल्या मांडवात उभे राहून दुसऱ्या मांडवातील एका वस्तूविषयी बोलावे असे आम्ही योजिले आहे. ती वस्तू म्हणजे नाचणारीच्या अंगावरचे नऊवार लुगडे.

विषयाचे नाव काढताच काही मंडळींच्या चेहऱ्यांवर हसू उमटले, ते आम्हांस इथून दिसले. त्या हसण्याविषयीच पुढे थोडे बोलावयाचे आहे. तूर्त एक लहानशी आठवण सांगतो.

आम्ही सातआठ वर्षांचे असू. गावच्या जत्रेला फड आला होता. रात्री तमाशा झाला, तो आम्हांला अर्थातच पाहू दिला नाही. सकाळी आजीबरोबर प्रवरेवर गेलो. आजी धुणे धूत होती आणि थोडे पलीकडे फडातल्या बायकाही धूत होत्या. ऊन चढले तसे सगळ्यांचे धुणे वाळूवर पसरले गेले. हिरवी, जांभळी, काळ्या चंद्रकळेची, लांबच लांब लुगडी. आजीचे कोणते आणि त्या बायकांचे कोणते, हे आम्हांला काही केल्या ओळखता येईना. आम्ही आजीला विचारले, तर ती म्हणाली, “मलाबी काठ बघूनच कळतं. लुगडं ते लुगडं, त्यात काय वळखायचं?” त्या वेळी आम्हांस ते उत्तर अपुरे वाटले होते. आज इतक्या वर्षांनी वाटते की आमच्या व्याख्यानाचा निम्मा भाग आजीने तिथेच उरकून टाकला होता.

आता ही नऊवारी आहे तरी काय, ते पाहू. नऊ वार म्हणजे आजच्या मापाने सुमारे सव्वाआठ मीटर अखंड कापड. त्याला ना शिवण, ना बटण, ना नाडी. कमरेभोवती वेढा घेऊन पुढे गाठ मारावयाची, पदरापुरते कापड वेगळे ठेवावयाचे, मधल्या भागाच्या निऱ्या घालावयाच्या, आणि मग त्यांतला मधला भाग दोन्ही पायांमधून मागे नेऊन कमरेला घट्ट खोचावयाचा. हा झाला कासोटा. कासोट्याची करामत अशी की त्यामुळे कापड दोन्ही पायांना वेगवेगळे लपेटले जाते. अंग झाकलेले राहते आणि पाय मोकळा होतो. हे लुगडे नेसून बाई घोड्यावर बसते, भात लावते, विहीर उतरते, डोंगर चढते. घेरदार नेसणात असा पाय टाकता येत नाही. कासोटा हा नाचासाठी जन्मलेला नाही, तो कामासाठी जन्मलेला आहे. नाचाने तो कामकरी बाईकडून उचलला, कारण नाच हेही पायांचे कामच आहे.

लावणीच्या नाचात सगळा जीव पावलांच्या ठेक्यात असतो. ढोलकी बोलते आणि तिला घुंगरांनी उत्तर द्यावयाचे असते. त्यासाठी टाच जमिनीवर आपटली पाहिजे, गुडघ्यात वाकून बसले पाहिजे, गिरकी घेता आली पाहिजे, आणि हे करताना कापड पायांत येता कामा नये. म्हणून फडावरची नऊवारी घोट्याशी आवळलेली असते आणि घुंगरांची चाळ तिच्या खाली मोकळी असते. पदर छातीवरून घेऊन कमरेला खोचलेला असतो. प्रवेशाच्या वेळी मात्र तोच पदर दोन्ही हातांनी डोक्यामागे ताणून धरून नर्तकी पाठमोरी येते, आणि ढोलकीच्या एका थापेसरशी वळते. एकाच वस्त्राचा खालचा भाग ताल सांभाळतो आणि वरचा भाग भाव सांभाळतो. नेसण तेच असले तरी काम असे वाटून दिलेले असते.

येथपर्यंत आपण घरच्याच अंगणात होतो. आता थोडा वेळ पॅरिस शहरी जाऊ. इतक्या लांब जाण्याचे कारण असे की नाचणारीचे पाय मोकळे कसे करावयाचे, हा प्रश्न तिथेही पडला होता. तिथे त्याचे जे उत्तर निघाले त्याचा तीनशे वर्षांचा इतिहास लोकांनी जपून ठेवला आहे. तिथल्या नृत्यनाट्यास बॅले म्हणतात आणि त्यातील नर्तकीच्या झालरीदार घागऱ्यास टुटू म्हणतात.

पॅरिसच्या ऑपेऱ्यातल्या नाचातही प्रथम बायकांची कामे पुरुषच करीत. धंदेवाईक नर्तकी त्या रंगभूमीवर आली ती १६८१ साली. पण आली ती दरबारी पोशाखात, म्हणजे जमिनीवर लोळणारा जड घागरा आणि उंच टाचांचे जोडे घालून. त्यात पावलांचे काम दिसणार कसे? सुमारे १७३० च्या काळात मारी कामार्गो नावाच्या नर्तकीने आपला घागरा घोट्याच्या वर घेतला आणि टाचा काढून टाकल्या, कारण तिला पावले जलद टाकावयाची होती आणि ती लोकांना दिसावयास हवी होती. घोटा दिसला म्हणून गावात चर्चा झाली! त्याच पिढीतल्या मारी साले हिने १७३४ साली लंडनमध्ये तो दरबारी सांगाडाच झुगारला आणि साध्या मलमलीच्या वस्त्रात नाच केला. पुढे १८३२ साली ‘ला सिल्फीद’ या बॅलेत मारी तालिओनी पांढऱ्या, तलम, घंटेसारख्या पसरलेल्या घागऱ्यात आली. ती पायाच्या बोटांवर उभी राहिली आणि पाहणारांना वाटले की ही बाई जमिनीला टेकलेलीच नाही. तेव्हापासून तो पांढरा घागरा नर्तकीची ओळख झाला. मग १८८० नंतर इटालियन नर्तकी अवघड उड्या आणि गिरक्या घेऊ लागल्या. त्यांतल्या व्हर्जीनिया झुक्कीने रशियातल्या सेंट पीटर्सबर्गला जाऊन आखूड घागराच घालीन असा हट्ट धरला. विसाव्या शतकात तो घागरा तारेच्या आधाराने ताटासारखा आडवा झाला, आणि १९५० साली न्यूयॉर्कमध्ये कारिन्स्का नावाच्या शिवणकलेत निष्णात बाईने तार काढून टाकून आखूड जाळीच्या थरांचा, पावडरच्या पफासारखा मऊ टुटू बनविला.

या सगळ्या हकीगतीचा मथितार्थ काय? प्रत्येक वेळी आधी नाच बदलला आणि मागाहून कापड बदलले. कापड आखूड झाले ते बहुतेक वेळा नर्तकीच्याच मागणीवरून. तिला पाय हवे होते. फरक एवढाच की तिकडच्यांनी पाय मोकळा करण्यासाठी कापड कापले, आणि आपल्या बायकांनी तेच काम कापड न कापता, नुसते खोचून केले. तिकडे पाऊल मऊ जोड्यात, आवाज न करता पडते, म्हणून ते डोळ्यांना दिसावे लागते. आपल्याकडे पावलात घुंगरू असतात. मागे बसलेल्या माणसाला ते दिसले नाही तरी ऐकू येते, म्हणून पाय झाकलेला असला तरी चालते. फडावरची नर्तकी नखशिखान्त नऊ वारांत झाकलेली असते, ही गोष्ट कृपा करून ध्यानात ठेवावी. तिचे काम पुढे पडणार आहे.

आता परत आपल्या जिल्ह्यात येऊ. शाहीर अनंत फंदी आपल्या याच संगमनेरचे. जन्म १७४४, मृत्यू १८१९. त्यांच्याविषयी अशी कथा सांगतात की पुण्यश्लोक अहिल्याबाईंनी त्यांना उपदेश केला, तुमच्यासारख्या विद्वानाने तमाशा करू नये. तेव्हा फंदींनी डफ टाकला आणि कीर्तन धरले. कथा खरी असो वा रचलेली असो, ती आपल्या मनाचा कल दाखविते. अहिल्याबाई आपल्याच जिल्ह्यातल्या, जामखेडजवळच्या चौंडीच्या. त्यांच्या नावाने २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. त्यांनीच महेश्वरला विणकर वसवून तिथल्या लुगड्यांना नाव मिळवून दिले. म्हणजे लुगड्यास आश्रय मिळाला आणि नाचाने मात्र उपदेश ऐकून घेतला. या दोन गोष्टी आपल्याकडे फार पूर्वीपासून वेगळ्या तराजूंत तोलल्या जातात.

फंदींच्या काळच्या तमाशात बाई नव्हती. लुगडे नेसून नाचे तो मुलगा. त्यास नाच्या पोऱ्या म्हणत. पॅरिसमध्ये १६८१ पूर्वी जी स्थिती, तीच इकडे. बाईने स्वतःचे लुगडे नेसून फडावर उभे राहावे, हे घडले ते पुढे शेदीडशे वर्षांनी. ते घडविणारी बाईही आपल्याच तालुक्यातली. संगमनेर तालुक्यात हिवरगाव पावसा म्हणून गाव आहे. तिथे १८७० साली जन्मलेली पवळा तबाजी भालेराव ही तमाशाच्या फडावर नावाजलेली पहिली स्त्री कलावंत मानली जाते. लोक तिला ‘नामचंद पवळा’ म्हणत. रेठऱ्याचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी घरदार आणि जात मागे टाकून पठ्ठे बापूराव झाले. त्यांची लावणी आणि पवळेचे पाऊल यांची जोडी जमली आणि त्या जोडीने मुंबईपर्यंतचा मुलूख गाजविला. पवळा १९३९ साली वारली. कुलकर्ण्याने तमाशात यावे, यावर केवढे काहूर उठले! पवळेने यावे, यावर तेवढे उठले नाही. महार, मातंग, कोल्हाटी समाजातल्या बाईने नाचावे यात समाजाला नवल वाटत नव्हते. ते तिचे कामच आहे अशी आपली समजूत होती, आणि ते काम तिने चांगले केले म्हणजे ती बाई चांगली नव्हे, अशीही आपलीच समजूत होती.

१९२० नंतरची काही वर्षे डोळ्यांपुढे आणा. पठ्ठे बापूरावांच्या आणि पवळेच्या नावाची मोहिनी मुंबईवर पसरलेली होती. त्याच मुंबईत १९२२-२३ च्या दौऱ्यात आन्ना पाव्हलोव्हा ही जगद्विख्यात रशियन नर्तकी आली. तिचा मरणोन्मुख हंसाचा नाच प्रसिद्ध. त्या नाचात पिसांनी मढविलेला आखूड टुटू असतो आणि पाय तंग मोज्यांत असतात. मुंबईच्या प्रतिष्ठितांनी तिकिटे काढून ती कला पाहिली. पाहिली हे उत्तमच केले. त्याच काळात बालगंधर्व रंगभूमीवर लुगडे नेसून उभे राहात होते. ते पुरुष, पण त्यांच्या नेसण्याची, त्यांच्या पदराची, त्यांच्या केसांतल्या गजऱ्याची नक्कल घरंदाज स्त्रिया मोठ्या हौसेने करीत. त्यांतही वाईट काही नव्हते. आता तिसरी आपली पवळा. ती बाई होती, स्वतःचेच लुगडे नेसत होती, आणि पाव्हलोव्हेपेक्षा कितीतरी अधिक कापड तिच्या अंगावर होते. पण तिचे नेसणे उठवळ ठरले आणि तिची नक्कल केली असे एकाही घरंदाज बाईने कधी कबूल केले नसते.

श्रोते हो, आपण म्हणतो की अमका पोशाख सभ्य आणि तमका असभ्य. पण या तीन उदाहरणांत कापडाचा हिशेब कुठेच जुळत नाही. सर्वांत कमी कापड अंगावर होते तिला कलावंत म्हटले, आणि नऊ वार ज्यांच्या अंगावर होते त्या दोघांपैकी एकास आदर्श व दुसरीस बदनाम ठरविले. तेव्हा सभ्यता कापडात नसावी. ती नेसणाराच्या जातीत, त्याच्या गरिबीत आणि पाहणाराच्या डोळ्यांत शोधावी लागेल. मघाशी जे हसू उमटले त्याचा पत्ता हाच आहे.

वस्त्राच्या तऱ्हा पुढे बदलत गेल्या, तो भाग आता थोडक्यात सांगतो. पहिला बदल केला तो उजेडाने. मशालीच्या आणि पलित्याच्या मिणमिणत्या, हलत्या उजेडात लुगड्याचा रंग काय दिसणार? चमकावयाचा तो काठ आणि पदरावरची जर. पुढे गॅसबत्ती आली, मग वीज आली. विजेच्या प्रकाशात रंग भडक झाले आणि टिकल्या-चमक्यांचे राज्य सुरू झाले. दुसरा बदल धंद्याच्या सोयीने झाला. फड आज या गावी, उद्या त्या गावी, सामान मालमोटारीत कोंबलेले. सुती लुगडे जड, वाळावयास वेळ लावणारे, आणि दिवसेंदिवस महागही. नगरच्या तोफखान्यातल्या पद्मशाली विणकरांच्या हातमागांचा खटखटाट कमी होत गेला आणि लवकर वाळणारे कृत्रिम धाग्याचे कापड फडावर आले. बैठकीच्या लावणीची गोष्ट थोडी निराळी. तिथे गाणारी बसून, डोळ्यांनी आणि हाताच्या बोटांनी भाव दाखविते. पाय टाकावयाचे नसतात, म्हणून तिथे जड रेशमी वस्त्र टिकले.

तिसरा बदल पडद्याने केला. १९४७ साली ‘लोकशाहीर राम जोशी’ हा बोलपट आला, १९५९ साली ‘सांगत्ये ऐका’ आला, १९७२ साली ‘पिंजरा’ आला. या चित्रांत लावणी नाचणाऱ्या हंसा वाडकर, जयश्री गडकर, संध्या यांचे नेसणे इतके ठसले की फडावरच्या बायकाच उलट पडद्यावरच्यासारखे नेसू लागल्या. तालीम फडाने दिली होती आणि नक्कल फडालाच करावी लागली! २०१० साली ‘नटरंग’ आला. त्याची कथा एका पिळदार शरीराच्या गड्याने नाच्या होण्याची. म्हणजे लुगडे पुरुषाच्या अंगावर चढले की लोक त्याच्या पुरुषपणाचीच कशी परीक्षा घेतात, हे त्याने दाखविले. पण लोकांनी घरी नेली ती त्यातली शिवलेली, झगमगती नऊवारी.

येथे एका बाईचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. सुलोचनाबाई चव्हाण. त्यांना लावणीसम्राज्ञी म्हणत, २०२२ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्या वारल्या. ठसकेबाज लावणी त्यांनी गायिली ती डोक्यावरून पदर घेऊन आणि तो दोन्ही खांद्यांवर लपेटून. पुष्कळांना तो पदर म्हणजे मर्यादेची खूण वाटला. आम्हांस त्यात दुसरेही काही दिसते. लावणी गाणाऱ्या बाईने आपण कुलीन आहोत हे सतत सिद्ध करीत राहावे, अशी आपली अपेक्षा होती. नाट्यगीत गाणारीकडून आपण असा पुरावा मागितला नाही.

आणि ज्यांनी पुरावा देण्याची ऐपत नव्हती म्हणून नुसते नाचून दाखविले, त्यांनी काय किंमत मोजली? पुन्हा क्षणभर पॅरिसला चला. तालिओनीचीच शिष्या एम्मा लिव्ह्री. १८६२ साली तालमीत तिचा तलम घागरा गॅसच्या दिव्याला लागला आणि पेटला. कापड पेटू नये म्हणून त्यावर देण्याचे औषध तेव्हा निघालेले होते, पण त्याने घागरा कडक होतो आणि मळकट दिसतो म्हणून ती ते लावीत नसे. आठ महिने यातना भोगून ती विसाव्या वर्षी गेली. प्रेक्षकांना जो हलका, पांढरा घागरा हवा होता, तिने तो दिला. आता संगमनेरहून पुण्याच्या रस्त्याने नारायणगावला या. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. दिवस भरलेले असताना त्या फडावर उभ्या राहिल्या, खेळाच्या मधेच पडद्याआड बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली, आणि पुन्हा नाचावयास निघाल्या. तेव्हा खरी गोष्ट कळून प्रेक्षकांनीच खेळ थांबविला, अशी हकीगत सांगतात. विठाबाई २००२ साली गेल्या. ही हकीगत आपण धैर्याची म्हणून सांगतो. परंतु त्या दिवशी खेळ न करण्याची सोय त्यांना होती का, हे विचारीत नाही. नऊ वारांत नऊ महिने झाकले जातात, आणि आपल्यालाही झाकलेलेच बरे वाटते.

पॅरिसच्या ऑपेऱ्यात गरीब घरच्या मुली नाचत आणि वर्षाची वर्गणी भरणाऱ्या श्रीमंतांस रंगमंचामागच्या दालनात जाऊन त्यांना भेटण्याची मुभा असे. आपल्याकडच्या वाड्यांतल्या बैठकी याहून फार निराळ्या होत्या असे आम्हांस वाटत नाही. डॉक्टर किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’ हे आत्मकथन १९९४ साली प्रसिद्ध केले. आपल्या नावापुढे त्यांनी आईचे नाव लावले, कारण बापाचे नाव मिळालेले नव्हते. करमाळा तालुका आपल्या जिल्ह्याला लागून आहे. त्या आईच्या नाचाला टाळ्या वाजविणारे हात कुठून कुठून आले होते, याचा शोध घेतला तर त्यांत आपल्याकडचे हात निघणारच नाहीत, अशी खात्री कोणी द्यावी?

स्वातंत्र्य मिळाले आणि लगोलग, १९४८ च्या सुमारास, मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. फडकऱ्यांनी गाऱ्हाणे मांडले. दत्तो वामन पोतदारांसारख्या पंडिताने त्या प्रश्नात लक्ष घातले आणि पुढे वग तपासून घेण्याच्या अटीवर तमाशा पुन्हा उभा राहिला. सुधारणा झाली हे खरे. मात्र तपासली गेली ती फडावरची बाजू. तंबूतल्या प्रेक्षकाची तपासणी करणारी समिती अजून नेमली जावयाची आहे.

मधल्या काळात एक मौज झाली. घराघरांतून नऊवारी गेली. सहावारी आली, मग पंजाबी पोशाख आला. आमच्या आजीच्या पिढीपर्यंत जे रोजचे वस्त्र होते ते रोजचे राहिले नाही. ते राहिले कुठे? शेतात राबणाऱ्या म्हाताऱ्यांच्या अंगावर आणि फडावर. ज्या वस्त्राला आपण आज मराठी संस्कृतीचा ठेवा म्हणतो, तो ठेवा एवढी वर्षे रोज रात्री नेसून, घामाने भिजवून, सकाळी नदीवर धुऊन सांभाळला तो त्या बायकांनी. आता नऊवारी परत आली आहे. पण ती शिवलेली. विजार चढवावी तशी दोन मिनिटांत चढवावयाची. लग्नात मुली ती घालतात, शाळेच्या स्नेहसंमेलनात घालतात आणि लावणीवर नाचतात, आणि आईबाप पहिल्या रांगेत बसून फोनवर चित्रे घेतात. आम्ही शिवलेल्या नऊवारीस नावे ठेवणार नाही. टुटू शिवलेलाच असतो, त्याने बॅलेचे काही बिघडले नाही. मुली निर्धास्तपणे नाचतात याचा आम्हांस आनंदच आहे. आमचा प्रश्न एवढाच आहे की आपली मुलगी ज्या पावलांवर टाळ्या घेते, ती पावले जिच्याकडून आली तिच्या मुलीला त्याच शाळेत आपल्या मुलीशेजारी बसताना कसे वाटते, हे आपण कधी विचारले आहे काय?

शेवटचे उदाहरण आपल्याच गावचे. कांताबाई सातारकर. जन्म १९३९, मृत्यू मे २०२१, आपल्याच संगमनेरात. तुकाराम खेडकरांच्या जोडीने त्यांनी फड गाजविला. त्यांनी नऊवारीत लावणी तर केलीच, पण वगात जिरेटोप घालून शिवछत्रपतींची भूमिकाही केली. तमाशात प्रथम पुरुषाने बाईचे लुगडे नेसले, मग बाईने स्वतःचे नेसले, आणि अखेर बाईने महाराजांचा पोशाख चढविला. त्या भूमिकेत त्या आल्या की हजारोंचा समुदाय अदबीने पाहात राही. तेव्हा कोणाला त्या बाईच्या जातीची किंवा चारित्र्याची आठवण होत नसे. म्हणजे डोळा बदलता येतो. तो बदलण्याचे काम त्या बाईने एकटीने, रात्रीमागून रात्र केले. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी साथीमुळे जत्रा बंद राहिल्या, फड बसून राहिले, आणि त्या दुसऱ्या उन्हाळ्यातच कांताबाई गेल्या. ज्या बाईने उभे आयुष्य जत्रांच्या मांडवांत काढले, तिच्या अखेरच्या वर्षी एकही मांडव उभा नव्हता.

आता आटोपते घेतो. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी तिथे जाऊन सुपाऱ्या ठरवितात. तुमच्यापैकी कित्येकजण आपापल्या गावच्या यात्रा समितीत आहेत. त्यांना आमची विनंती आहे की सुपारी ठरविताना घासाघीस करा, तो व्यवहारच आहे. पण उतरण्याची जागा, पाणी आणि कपडे बदलण्यासाठी चार बाजूंनी बंद अशी खोली, एवढे आधी ठरवा. नऊ वार लुगडे नीट नेसावयाला वेळ लागतो आणि आडोसाही लागतो. आणि बाकीच्यांना विनंती अशी की यंदा जत्रेला जाल तेव्हा मागे उभे राहू नका. घरच्या मंडळींना घेऊन, तिकीट काढून, पुढे बसा. पाय पाहा, ठेका ऐका, पदर कसा सुटतो आणि कसा खोचला जातो ते पाहा. इथे जसे शांतपणे बसलात तसे तिथे बसलात, तरी पुष्कळ झाले.

आमची आजी जाऊन पुष्कळ वर्षे झाली. तिचे एक जांभळे लुगडे अजून आमच्या घरी ट्रंकेत आहे. ते फडातल्या बायकांच्या लुगड्यांपासून वेगळे ओळखता येईल असे अजूनही त्यात काही सापडलेले नाही.